खडा वाजला होता

"थांब. आधी सांग, वारा कुठून येतोय?"

रेवतीने उजवा तळहात टेबलावरून उचलून हवेत धरला. मी शब्दांनी खोदलेल्या त्या भुयारातला वारा जणू तिच्या बोटांना खरोखर लागणार होता.

"उजवीकडून," मी म्हणालो. "अगदी मंद."

"बंद भुयारात उजवीकडून वारा येतोय, म्हणजे डावीकडे तो कुठेतरी जातोय. डाव्या भिंतीत फट आहे का?"

माझ्या वहीत तसेच लिहिले होते. फट, आणि फटीमागे ताणून बसवलेले सात भाले.

"आहे," मला म्हणावे लागले.

"मग सगळ्यांनी उजव्या भिंतीला चिकटून चला. डावीकडून काहीतरी सुटणार आहे."

धैर्यशीलने कपाळावर हात मारून घेतला. "गेले की रं तुझे भाले फुकट, सूत्रधार! आठवडाभर धार लावत बसला असशील."

इम्तियाज टेबलाच्या कडेला डोके टेकून हसत होता. मीही हसलो. पण त्या हसण्याच्या तळाशी एक बारीक कुसळ होते, आणि ते मला त्या दिवशी पहिल्यांदा बोचले.

चौदा वर्षांपूर्वीचे कोल्हापूर. इम्तियाज मुजावरच्या चाचांचा पुस्तकबांधणीचा कारखाना रविवारी बंद असे, आणि त्याच्या माळ्यावर आम्ही चौघे दुपारभर खेळत असू. खळीचा आंबूस वास, कापलेल्या कागदांच्या पांढऱ्या झिरमिळ्या, कोपऱ्यात पुस्तके दाबून ठेवायचा लोखंडी शिकंजा, आणि मधोमध छापील कागदांचे फर्मे दुमडायचे लांबलचक टेबल. खेळ तसा साधा. एक जण सूत्रधार. तो जग सांगतो. बाकीचे त्या जगातली माणसे होतात, काय करायचे ते बोलून सांगतात, आणि जमते की नाही हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. नियम मी इंटरनेटवरून छापून आणले होते, फासे पोस्टाने मागवले होते. वकिलीचा अभ्यास करणारा, तालमीत घडलेला धैर्यशील खेळात मात्र भित्रा वैद्य होई. इम्तियाज तलवारबाज. रेवती नाईकनवरे ही आमची वाटाडी. तिच्या पात्राचे नाव जिवाई. सगळ्यांच्या पुढे जिवाई चाले.

रेवतीला जन्मापासून दिसत नव्हते.

ती त्या माळ्यावर पहिल्यांदा आली ती भांडायला. ब्रेलमधल्या तिच्या नोट्स बांधणीला दिल्या होत्या आणि इम्तियाजने इतर पुस्तकांसारखे ते गठ्ठेही शिकंज्यात घालून रात्रभर आवळले होते. सकाळी सगळे ठिपके सपाट. तिने पानावरून बोटे फिरवली, पुन्हा फिरवली, आणि म्हणाली, "तुम्ही माझी दोनशे पानं कोरी केलीत." इम्तियाजने कारणे दिली नाहीत. "चुकलं माझं," एवढेच म्हणाला, आणि महिनाभर संध्याकाळी तिच्याबरोबर बसून पाने पुन्हा टोचायला मदत केली. त्या दिवसांत आमचा खेळ तिच्या कानावर पडला आणि तिने खुर्ची ओढली.

ती आल्यावर आम्ही नकाशा काढणे सोडून दिले. मुद्दाम ठरवून नव्हे. तो निरुपयोगी झाला. मी बोलेन तेवढेच जग. त्या टेबलाशी चौघांनाही सारखेच दिसत होते आणि सारखेच दिसत नव्हते. पहिल्याच दिवशी तिने एक अट घातली होती.

"तू लपव काय लपवायचं ते. पण मी विचारलं, तर खरं सांगायचं."

"कबूल," मी म्हणालो होतो.

तर त्या भाल्यांच्या रविवारी खेळ संपल्यावर धैर्यशील आळस देत म्हणाला, "एक सांगू का, कवी? वर्ष झालं, तुझ्या खेळात एक माणूस मेलं न्हाई. काळीज लई मऊ बघ तुझं. रेवतीला बघून सांभाळून घेतोस."

"सांभाळून घेतो?" रेवती त्याच्याकडे वळली. "वैद्यबुवा, मागच्या महिन्यात विहिरीत कोण पडत होतं? माझ्यामुळे जिवंत आहेस तू. पाया पड."

"पडतो की. पाय कुठं हैत?"

"आवाजावरून शोध. मी शोधते तसे."

सगळे पुन्हा हसले. खरे तर दोघांचेही म्हणणे मला लागले होते. मी मऊ आहे हे एक. आणि दुसरे, अधिक खोलवर रुतणारे, की माझे कुठलेही जग तिला वाचता येते. मी आठवडाभर अंधार विणायचा आणि तिने दोन प्रश्नांत त्याचा धागा ओढायचा. त्या वयात मी कविता लिहीत असे, आणि कुणाला सहज उमगणारी कविता मला अपमानास्पद वाटे.

आम्ही बसस्टॉपकडे निघालो. माझ्याबरोबर असली की ती पांढरी काठी दुमडून पिशवीत टाकी आणि माझ्या कोपराला दोन बोटे लावून चाले. धरत नसे, नुसती लावे. मी सांगत जाई: इथे उंबरा, इथे भाजीवाली बसलीय, इथे फरशी हलते. ती म्हणे, "तुझ्या वहाणा सांगतातच. डावी कर्र करते, उजवी गप्प असते. गर्दीतसुद्धा ओळखेन."

त्या दिवशी ती म्हणाली, "पत्र आलं. नाशिकला नेमणूक. पुढच्या आठवड्यात गुरुवारी निघायचं."

मी अभिनंदन केले, पण माझा आवाज मलाच लांबून आल्यासारखा वाटला.

"बाबा येतो म्हणतात. बाबा हात धरून नेतील. हात धरून रस्ता कळत नाही, निरंजन. तो कोणीतरी सांगावा लागतो." ती थांबली. "तू येशील? एक महिना. तुझ्या मामांकडे राहा. खोली ते ऑफिस, ऑफिस ते मंडई, मंडई ते नदी. तेवढं पाठ झालं की परत जा." मग कोपरावरची बोटे किंचित हलली. "किंवा जाऊ नकोस."

"रेवती..."

"आत्ता नको. रविवारी सांग. खेळ झाल्यावर."

मी जाणार होतो. हे इथे स्पष्ट लिहून ठेवायला हवे. मामांना त्याच संध्याकाळी फोन केला, आईला सांगितले, आईने काय ओळखायचे ते ओळखून फक्त "स्वेटर ने" म्हटले. रविवारी खेळ संपवायचा, आणि उतरता उतरता तिला हो म्हणायचे. फक्त त्याआधी, त्या माळ्यावरच्या बहुधा शेवटच्या खेळात, एकदा, एकदाच, मला तिच्यावर मात करायची होती. ती माझ्याकडे आदराने वळावी म्हणून. दोन इच्छा एकाच खिशात ठेवल्या होत्या आणि त्या एकमेकींना काय करतील याचा विचार केला नव्हता.

आठवडाभर मी सापळा रचला. दार लिहिले, खोडले. विष लिहिले, खोडले. प्रत्येक सापळ्यापुढे तिचा प्रश्न उभा राही आणि सापळा उघडा पडे. शुक्रवारी लक्षात आले की अडथळा सापळ्यांत नव्हता, माझ्या उत्तरांत होता. मग उरलेले काम फार सोपे झाले.

रविवारी ऊन तिरपे आत आले होते. शिकंज्याची सावली टेबलावर पडली होती. जिवाई किल्ल्याच्या तळघरातल्या जिन्यापाशी पोचली.

"जिना खाली जातो," मी म्हणालो. "काळ्या दगडाचा. मशालीचा उजेड तळापर्यंत पोचत नाही."

"किती पायऱ्या?"

"दिसतात तेवढ्या बारा."

"बाराव्या पायरीनंतर?"

"फरसबंदी."

इम्तियाज पुढे सरकला. "मी आधी जाऊ का? मला दोन घाव सोसतात."

"वाटाडी मी आहे," रेवती म्हणाली. तिचा अंगठा टेबलाच्या कडेवरून हळूहळू फिरत होता. विचार करताना ती तसे करी. "वास येतोय का? ओल, शेवाळ?"

"नाही. कोरडं आहे."

"वारा?"

"नाही."

"मी एक खडा उचलते. बाराव्या पायरीपलीकडे टाकते." तिने खरेच हात पुढे करून बोटे उघडली. "काय ऐकू येतं?"

त्या उघड्या बोटांकडे मी पाहिले. अजून पाहतो.

"दगडावर दगड," मी म्हणालो. "बारीक, कोरडा आवाज."

तिचे खांदे सैल झाले. "चला मग. मोजत उतरते मी."

मी तिच्याबरोबर मोजले. एक, दोन, तीन. माझा आवाज संथ होता, सुंदर होता. त्या वर्षी मी एकही ओळ इतकी चांगली वाचली नव्हती. नऊ, दहा, अकरा, बारा.

"आणि आता तू फरसबंदीवर पाऊल ठेवतेस," मी म्हणालो, "आणि तिथे फरसबंदी नाही. तिथे काहीच नाही. तू पडतेस."

धैर्यशील ओरडला, "आयला! जमलं गड्या!"

रेवतीने शांतपणे तळहात पुढे केला. "फासा दे."

"नको. फाशाचा उपयोग नाही. तळ फार खोल आहे."

"फासा नाही?"

"नाही."

"म्हणजे जिवाई मेली."

"हो."

खालच्या रस्त्यावरून एक रिक्षा गेली.

"खडा वाजला होता," रेवती म्हणाली.

"तो भास होता. किल्ल्यातल्या मांत्रिकाने घातलेला. जमिनीचा भास, आवाजाचाही भास."

"त्याची काही खूण होती? आधी कुठे? एखादी कुजबुज, एखादा सांगाडा, काहीही?"

"नव्हती."

"मी अजून काय विचारलं असतं, तर कळलं असतं?"

या प्रश्नाचे उत्तर माझ्या वहीत नव्हते. मी पान उलटून पाहिल्यासारखे केले.

"हे बरोबर न्हाई झालं, निरंजन," इम्तियाज खाली पाहत म्हणाला. "तिनं सगळं विचारलं हुतं. परत फिरव."

"परत कसं फिरवणार? मांत्रिक कपटी आहे. कपटी माणसाने कपट करू नये का?" माझा आवाज चढला. "शेवटी खेळ आहे हा."

"मांत्रिकाला मी काही विचारलं नव्हतं," रेवती म्हणाली. "तुला विचारलं होतं."

धैर्यशीलचे हसू कधीच मावळले होते. तो पुटपुटला, "मी आपलं उगंच बोललो हुतो गेल्या वेळी. एवढं काय मनावर घ्यायचं..." पण तो हे कोणाला म्हणत होता ते त्यालाही ठाऊक नसावे.

त्या क्षणी दोन शब्द पुरे झाले असते. ते त्याच माळ्यावर, त्याच शिकंज्याशेजारी, इम्तियाजने पूर्वी उच्चारले होते. मला ते नव्याने शोधायचेही नव्हते. मी म्हणालो, "तू नवीन पात्र बनव. पुढच्या वेळी."

"पुढची वेळ नाही ना," ती म्हणाली, आणि उठली.

तो जिना लाकडी आणि खडा. तेरा पायऱ्या, खालून चौथी पोकळ. रेवतीला तो केव्हाचा पाठ होता. तरी वर्षभर, दर रविवारी, मी खाली उतरताना म्हणे, "आता पोकळ पायरी," आणि ती म्हणे, "हो का?" जणू पहिल्यांदाच ऐकते आहे. तिला माझी गरज नव्हती. ती मला सांगू देत असे. हे मला त्या दिवसापर्यंत समजले नव्हते.

तिने माझ्या कोपराला बोटे लावली नाहीत. पिशवीत हात घातला आणि दुमडलेली काठी काढून हवेत सोडली. काठीचे चार तुकडे आतल्या ताणाने एकमेकांत जाऊन बसले. टक्, टक्, टक्. वर्षभरात मी तो आवाज इतक्या जवळून ऐकला नव्हता.

ती पुढे, मी मागे. एकेका पायरीला काठीचे टोक आधी टेकत होते, मग पाऊल. पाठ असलेल्या पायऱ्या ती तपासत होती. नऊ झाल्या तेव्हा माझ्या तोंडून सवयीने निघाले:

"आता पोकळ पायरी."

ती थांबली. काठीने त्या फळीवर दोनदा वाजवले. फळी पोकळ वाजली. मग ती उतरली.

खाली दारात मी म्हणालो, "नाशिकचं... मी येणार होतो. येतो आहे. मामांशी बोललोय."

"नको, मी एकटी जाईन."

"अगं, एका खेळासाठी?"

तिने मान माझ्या आवाजाच्या दिशेला वळवली. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मला तिथे पाय ठेवायला जागा मिळाली असती.

"नाशिकला खड्डे असतील," ती म्हणाली. "उघडी गटारं असतील. पडेनही एखादे वेळी. पण ते खड्डे माझ्यावर जिंकायला तिथे बसलेले नसतील."

आणि ती गेली. रस्त्यावर काठीचा आवाज बराच वेळ ऐकू येत राहिला.

सोमवार, मंगळवार, बुधवार मी तिच्या घरी गेलो नाही. माझ्या खोलीत बसून वाक्ये रचत होतो. भास आणि असत्य यांत फरक आहे. कल्पनेच्या राज्यात दगाही कल्पनेचाच असतो. सूत्रधार आणि मांत्रिक एक नव्हेत. सुबक, निर्दोष वाक्ये. प्रत्येक वाक्यावर पाऊल ठेवून पाहिले की तळाला काही नसे.

आज मी पुण्यात शिकवतो. शनिवारी दुपारी काही मुलेमुली माझ्याकडे खेळायला येतात, आणि त्यांतले काही आता स्वतः सूत्रधार झाले आहेत. मध्यंतरी एक मुलगी वही घेऊन आली. उत्साहाने म्हणाली, "सर, असा सापळा केलाय की कोणालाच कळणार नाही!" मी वही वाचली. विचारले, "त्यांनी नेमका प्रश्न विचारला, तर तू काय सांगशील?" ती म्हणाली, "काहीतरी खोटं सांगेन. नाहीतर सापळा फुटेल ना." मी म्हणालो, "मग फुटू दे." तिला माझा आवाज कठोर वाटला असावा. तिने पेन्सिलीने ते पान खोडले आणि पुन्हा पुन्हा माझ्याकडे पाहत राहिली. मी तिला पुढचे काही सांगितले नाही. कोणालाच सांगितलेले नाही. इम्तियाज भेटतो, तेव्हा आम्ही त्याच्या मुलांविषयी बोलतो.

त्या गुरुवारी सकाळी मात्र मी स्टँडवर गेलो होतो.

सातची नाशिक गाडी लागली होती. रेवतीचे वडील मागच्या बाजूला बॅग ठेवून घेण्यासाठी कंडक्टरला हाका मारत होते. ती फलाटाच्या कडेला एकटी उभी होती, उघडी काठी हातात, नवी ओढणी खांद्यावरून घट्ट बांधलेली. मी पंधरावीस पावलांवर खांबाआड थांबलो. सूर्य नुकताच वर आला होता आणि गाड्यांच्या काचा एकेक करून पेटत होत्या. मला फक्त तिला जाताना पाहायचे होते; निदान स्वतःला मी तसे सांगितले होते.

ती गाडीच्या दाराकडे निघाली. तिच्या वाटेत फलाटाची फरशी उखडलेली होती. गुडघाभर खोल खड्डा, आणि कोणी तरी सूचनेसाठी ठेवलेली विटांची रांग डोळस माणसांच्या पायांनी विस्कटून गेलेली. तिची काठी डावी-उजवी फिरत पुढे येत होती. कदाचित ती वेळेवर थांबली असती. कदाचित नसती.

मी धावलो. डावी वहाण कर्र, कर्र करत गेली, आणि मी पाहिले: तिची मान किंचित, अगदी किंचित, त्या आवाजाकडे कलली.

"पुढे खड्डा आहे," मी म्हणालो. "दोन पावलांवर. डावीकडून ये."

ती थांबली. माझा श्वास तिला ऐकू येत असणार. मग तिने काठी पुढे सरकवली. टोक फरशीवरून घासत गेले, कडेशी आले, पुढे काही क्षण हवेत लोंबकळले, आणि खाली तळाला लागले.

"आहे," ती म्हणाली. हे मला उद्देशून नव्हते. एखादी गोष्ट पडताळून झाली की माणूस स्वतःशी म्हणतो, तसे.

ती डावीकडून वळली. मी सांगितले होते त्याच वाटेने गेली, पण प्रत्येक फरशी काठीने वाजवत. दाराशी पोचल्यावर तिने दांडी चाचपली, पायरीवर पाय ठेवला, आणि अर्धे वळून, नेमक्या माझ्या दिशेला, म्हणाली:

"थँक्यू हं, दादा."

रस्ता ओलांडून देणाऱ्या कुठल्याही अनोळखी माणसाला ती असेच म्हणे. त्याच सुरात. मी तिच्याबरोबर चालताना शंभरदा ऐकले होते.

गाडी निघाली. धूर, धूळ, मग मोकळे ऊन. तिचे वडील रुमालाने तोंड पुसत माझ्या शेजारून गेले. त्यांनी मला ओळखले नाही, किंवा त्यांनाही ओळखायचे नव्हते. मी त्या खड्ड्याच्या काठावर उभा राहिलो. आत पूर्ण उजेड होता, तळाची माती दिसत होती, विटांचे तुकडे दिसत होते. मी एक खडा उचलला, हात पुढे करून बोटे उघडली.

दगडावर दगड. बारीक, कोरडा आवाज.

मी पाय पुढे टाकला नाही. खाली बसलो, आणि हात घालून तळ चाचपू लागलो.